कनूच्या लाकडी पट्ट्या काळ्या पडल्यात, टोकाला कुजल्यात - पावसाळ्याआधी काय काय करता येईल?

खाडीकाठ
नमस्कार मंडळी. आमच्याकडे १६ फुटी कनू (वल्ह्याने चालवायची अरुंद, हलकी होडी) आहे, बॉडी फायबरग्लासची आणि वरचं सगळं काम लाकडाचं. मामेभाऊ कॅनडातून कायमचा परत आला तेव्हा घरसामानाच्या कंटेनरमधून ती पण आली. सध्या मनोरीला ओळखीच्यांच्या आवारात उलटी ठेवलेली असते, भरती बघून आम्ही खाडीत काढतो. बॉडी ठणठणीत आहे, प्रश्न लाकडाचा आहे. काठाच्या लांब पट्ट्या म्हणजे गनेल, आतली एक बाहेरची एक, त्या अ‍ॅशच्या (तिकडच्या एका झाडाच्या लाकडाच्या) आहेत असं भाऊ म्हणतो. जागोजागी काळ्या पडल्यात, प्रत्येक स्क्रूभोवती काळं वर्तुळ आहे, आणि पुढच्या टोकाला जो छोटा तिकोनी डेक असतो त्याच्या खाली किल्ली टोचून बघितली तर भिजलेल्या बिस्किटात जावी तशी आत गेली. मधला योक (दोन्ही काठ जोडणारा आडवा दांडा) आणि सीटच्या फ्रेमी बऱ्या आहेत, फक्त पॉलिश सोलपटलंय.

एका सुताराला दाखवलं, तो म्हणाला घासून घेतो, कुजलेल्या जागी लांबी नाहीतर एम-सील भरतो आणि वरून पीयूचे (पॉलियुरेथेन पॉलिशचे) दोन हात मारून देतो, पावसाच्या आत होऊन जाईल. हे बरोबर आहे का? मे संपत आलाय म्हणून घाई. ही होडी टिकली पाहिजे अशी मनापासून इच्छा आहे, खर्चाचं बघू.

सुतारपक्षी
अजिबात करू नका, आधी थांबा. कुजलेल्या लाकडावर लांबी भरली की वरून छान दिसतं आणि आत ओल कोंडून राहते, मग बुरशीला सावली, पाणी, खाणं सगळं एका जागी मिळतं. लाकडातला ओलावा साधारण २० टक्क्यांच्या वर बराच काळ राहिला की कूज सुरू होते, त्याच्या खाली ठेवला तर बुरशी वाढत नाही. म्हणजे सगळं काम लाकूड कोरडं ठेवण्याचं आहे, रंगाचं नंतर.

तुमचं जे टोक कुजलंय ते अगदी नेहमीचं ठिकाण आहे. पट्टीचं आडवं कापलेलं तोंड तिथे असतं, लाकडाच्या नळ्या उघड्या, पाणी उभ्या रेषांपेक्षा तिथून कितीतरी पटीने आत शिरतं. त्यात वरून डेकचं झाकण, खाली कचरा साठलेला. आणि अ‍ॅश हे लाकूड चिवट आहे, वाकतं सुरेख, म्हणूनच तिकडे वापरतात, पण कुजण्याच्या बाबतीत कच्चं आहे. सागाच्या भरवशावर अ‍ॅशला वागवू नका.

आत्ता एवढंच करा: डेकचे स्क्रू काढून डेक उचला, खालचा सगळा भुसा साफ करा, टोच्या घेऊन दर इंचाला टोचत या आणि चांगलं लाकूड कुठे सुरू होतं तिथे पेन्सिलने खूण करा. आतल्या आणि बाहेरच्या पट्टीची खूण वेगळी. मग इथे सांगा.

टोरांटोकर
सुतारपक्षींशी पूर्ण सहमत. इकडे आमची उलटी गत असते, थंडीत लाकूड आकसतं-फुगतं एका मापाने आणि बॉडी दुसऱ्याच मापाने, जुन्या रॉयलेक्सच्या (थरांच्या प्लास्टिकच्या) बोटींना तर लाकडी गनेल असली की हिवाळ्याआधी टोकाकडचे स्क्रू सैल करायची पद्धत आहे नाहीतर बॉडीलाच चिरा जातात. मुंबईत तो त्रास नाही, स्क्रू घट्टच ठेवा.

अ‍ॅशचीच नवी पट्टी मागवायच्या भानगडीत पडू नका. २००२ मध्ये डेट्रॉइटच्या आसपास एमराल्ड अ‍ॅश बोरर नावाचा किडा सापडला, तेव्हापासून इकडची कोट्यवधी झाडं गेली, चांगलं लांब लाकूड इथेच मुश्किलीने मिळतं. तुमच्याकडे साग आहे, त्याचा विचार करा.

नाखवा
आमच्या घरी पिढ्यानपिढ्या होड्या, वर्सोव्याला. एक गोष्ट सांगतो, खाऱ्या पाण्याने लाकूड सडत नाही, सडतं ते गोड्या पाण्याने. समुद्रात रोज जाणारी होडी बरी राहते आणि पावसात तशीच पडलेली होडी आतून जाते. म्हणून १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते तेव्हा होड्या वर ओढून शाकारून ठेवतात. पावसाचं पाणी आत साठून द्यायचं नाही, आणि वारा मात्र खालून खेळला पाहिजे. ताडपत्री गच्च बांधलीत तर आत घाम धरतो, ते पावसाहून वाईट.

तुमची होडी उलटी ठेवलीय ते चांगलं पण जमिनीवर ठेवलीय की ठोकळ्यांवर? मनोरीला वाळूतली ओल गनेललाच लागत असणार. निदान गुडघाभर उंच घ्या.

रसायनी
नाखवादादांचं म्हणणं अनुभवाचं आहे आणि त्याला कारणही आहे, भरपूर मीठ असलं की कुजवणारी बुरशी वाढत नाही, जुन्या काळी जहाजांच्या लाकडात मुद्दाम मीठ भरत असत. पण कनूच्या बाबतीत दुसरी बाजू बघा. मीठ हवेतलं पाणी ओढतं, आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मिठाचा खडा स्वतःच विरघळायला लागतो. मुंबईत जून ते सप्टेंबर हवा बहुतेक वेळ त्याच्या वरच असते. म्हणजे खाडीतून आल्यावर पट्ट्यांच्या फटीत जे मीठ वाळून बसलं ते पावसाळाभर स्वतः ओलं राहणार, लाकडाला ओलं ठेवणार आणि स्क्रू खाणार. मीठ इतकं नसतं की बुरशी थांबेल, पण ओल धरायला पुरेसं असतं.

म्हणून प्रत्येक वेळी खाडीतून आलात की नळाच्या गोड्या पाण्याने धुवा, विशेषतः डेकखाली आणि आतल्या पट्टीमागे, आणि मग उलटी करून वाऱ्यावर सुकवा. गोडं पाणी वाईट नाही, गोडं पाणी साठून राहणं वाईट.

नाखवा
@रसायनी हे पटलं. आमच्या होड्या रोज पाण्यात, तुमची महिन्यातून कधीतरी. धुऊन सुकवा, बरोबर आहे.

खाडीकाठ
सगळ्यांचे आभार. डेक उचलला. खाली वाळलेली पानं, वाळू आणि काळा चिखल एक बोटभर होता. आतली पट्टी टोकापासून सात इंच गेलीय, बाहेरची चार इंच. बाकी टोच्या कुठे शिरत नाही. स्क्रू पितळेचे, डोकी गुलाबीसर दिसतायत आणि त्यातले दोन तर पेचकस लावल्याबरोबर तुटले. आणखी एक, मागच्या सीटजवळ टाचणीएवढी भोकं आणि खाली पिठासारखी पूड आहे. वाळवी का?

रसायनी
पितळ गुलाबी झालं म्हणजे त्यातलं जस्त निघून गेलंय, मागे तांब्याची भुसभुशीत जाळी उरते, जोर लागला की तुटणारच. खाऱ्या पाण्यात पितळेचं हे नेहमीचं. सगळेच बदला. नागदेवी स्ट्रीटला ३१६ ग्रेडचं स्टेनलेस मागा, नुसतं एसएस म्हणालात तर ३०४ देतील. सिलिकॉन ब्राँझ मिळालं तर सगळ्यात उत्तम पण इथे सहज मिळत नाही.

पीठ पडतंय म्हणजे वाळवी नाही, वाळवी मातीचे बोगदे करते. हे घुण्याचं काम. अ‍ॅशसारख्या लाकडाच्या बाहेरच्या फिकट भागात पिष्ट असतं ते त्याला हवं असतं. बोरॅक्स आणि बोरिक अ‍ॅसिड गरम पाण्यात विरघळवून उघड्या लाकडावर दोन-तीन वेळा ब्रशने लावा, वाळू द्या, बुरशीलाही चालतं. फक्त ते पाण्याने धुऊन जातं म्हणून वरून तेल किंवा व्हार्निश हवंच.

सुतारपक्षी
सात इंच आणि चार इंच, म्हणजे पट्टी पूर्ण बदलायची गरज नाही. टोकं कापून नवा तुकडा तिरक्या सांध्याने जोडायचा. खूण केलीत तिथे कापू नका, बुरशीचे तंतू दिसतात त्याच्या पुढे गेलेले असतात, चांगल्या लाकडात निदान सहा इंच शिरून मगच सांधा सुरू करा.

सांध्याची लांबी जाडीच्या आठपट, शक्य असेल तर बारापट. तुमची पट्टी पाऊण इंच असणार म्हणजे ६ सूत, आठपट म्हणजे ४८ सूत, म्हणजे ६ इंचाचा उतार. बारापट केलात तर ९ इंच. आतला आणि बाहेरचा सांधा समोरासमोर येऊ देऊ नका, एक पुढे एक मागे. आणि जिथे पट्टी सगळ्यात जास्त वाकते तिथेही नको.

उतार रंध्याने काढा, धार एकदम ताजी हवी. दोन्ही तुकडे एकावर एक, एक मागे सरकवून ठेवले आणि दोघांवर एकदम रंधा मारला की उतार जुळून येतो. चिकटवायला इपॉक्सी (दोन भाग कालवून लावायचा घट्ट होणारा गोंद), त्यात लाकडाचं बारीक पीठ घालून श्रीखंडाइतकं घट्ट करा, पण आधी दोन्ही तोंडांना नुसतं पातळ इपॉक्सी पिऊ द्या नाहीतर लाकूड सगळं शोषून घेतं आणि सांधा कोरडा राहतो. क्लॅम्प जिवाच्या आकांताने आवळायचा नाही, कडेने बारीक रेघ बाहेर आली की बास. खाली-वर प्लास्टिकचा कागद ठेवा.

इपॉक्सी उन्हात टिकत नाही हे लक्षात असू द्या, वर व्हार्निशचं छत्र पाहिजेच. आणि या उकाड्यात थोडं थोडंच कालवा, तापमान १० डिग्रीने वाढलं की हाताशी असलेला वेळ साधारण निम्मा होतो. बाटलीवर २५ मिनिटं लिहिली असतील तर दुपारी पत्र्याखाली तेवढी मिळणार नाहीत.

भरती_ओहोटी
साग कुठून घेणार आहात? रे रोडच्या वखारीत नवा मिळेल, पण मला स्वतःला जुन्या इमारतींचा बर्मा साग जास्त आवडतो, चाळी पाडतात तेव्हाचे वासे असतात, ओशिवऱ्याला जुन्या लाकडाच्या दुकानांत विचारा. अनेक दशकं सुकलेलं असतं, पीळ घेत नाही. मात्र रंधा लावायच्या आधी लोहचुंबक फिरवा, आत खिळा राहिलेला असतोच. आणि रेषा सरळ बघून घ्या, पट्टीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत रेषा बाहेर पळत नसतील असाच तुकडा, नाहीतर वाकवताना तिथेच फाटतो.

सागात स्वतःचं तेल असतं त्यामुळे इपॉक्सी लावायच्या जरा आधी अ‍ॅसिटोनने पुसा. ताज्या रंधलेल्या तोंडावर लगेच चिकटवलं तर पकड चांगली येते.

पावसाळी_ढग
वाचनखूण साठवली. एक शंका, टोकाकडे पट्टीला बाक असतो ना, साग तेवढा वाकेल का? सुकलेलं लाकूड वाफेवर पण नीट वाकत नाही असं ऐकलंय.

सुतारपक्षी
@पावसाळी_ढग बरोबर ऐकलंय. वाफेचं गणित असं की जाडीच्या दर इंचाला साधारण एक तास, पण ते हवेवर सुकवलेल्या, थोडी ओल असलेल्या लाकडाला. भट्टीत सुकवलेलं किंवा फार जुनं लाकूड वाफेला दाद देत नाही. इथे सोपा उपाय, ६ सुताची एक पट्टी वाकवू नका, ३-३ सुताच्या दोन घ्या, त्या हाताने वाकतात, मध्ये इपॉक्सी लावून होडीच्याच बाकावर क्लॅम्प करून ठेवा. चिकटल्यावर बाक कायमचा. बॉडीवर आधी प्लास्टिक टाकायला विसरू नका.

खाडीकाठ
हे सगळं पावसाच्या आत होईल असं वाटत नाही. काय आधी करू? आणि काळे डाग? आणि तेल की व्हार्निश, यावर दोन मामांची दोन मतं आहेत.

सुतारपक्षी
घाई नकोच. आत्ता कुजका भाग कापून टाका, बोरॅक्स लावा, उघड्या तोंडांना तेल पाजा, आणि होडी ठोकळ्यांवर, छपराखाली, वारा लागेल अशी ठेवा. सांधा आणि व्हार्निश दिवाळीनंतर. पावसाळ्यात आपल्याकडे लाकडातला ओलावा १७-१८ टक्क्यांपर्यंत चढतो, हिवाळ्यात तेच लाकूड ११-१२ ला येतं. जुलैत नवीन तुकडा बसवला तर जानेवारीत आकसून फट देणार. शिवाय दमट हवेत व्हार्निश दुधाळ पडतं.

तेल की व्हार्निश, माझं मत स्पष्ट आहे. योक, सीटची फ्रेम, डेक यांना व्हार्निश. गनेलला तेल. गनेलवर वल्हं घासतं, होडी उलटी ठेवली की भार तिथेच येतो, गाडीच्या कॅरियरवर घासते, व्हार्निशला ओरखडा पडणारच आणि मग पाणी थराखाली शिरून काळी जीभ पसरते, ती काढायला सगळा थर खरवडावा लागतो. तेलाला ओरखडा पडला तर फडक्याने परत तेल लावायचं, झालं. फक्त सांध्याच्या जागी इपॉक्सीची रेघ दिसते तिथे व्हार्निशचा पट्टा ओढून घ्या.

भरती_ओहोटी
माझं मत थोडं वेगळं. मनोरीच्या उन्हात तेल महिन्या-दीड महिन्यात उडून जातं, ज्याला नियमाने हात मारायला वेळ आहे त्याने तेल लावावं, बाकीच्यांनी व्हार्निशच. पण घरातल्या फर्निचरचं पीयू नाही, ते कडक असतं, लाकूड हललं की तडकतं. यूव्ही रोखणारं, लवचिक राहणारं मरीन स्पार व्हार्निश. पहिला हात निम्मं टर्पेंटाइन घालून पातळ, म्हणजे आत मुरतो, मग पाच-सहा हात, दर दोन हातांमध्ये ३२० चा पॉलिश पेपर. सकाळी दव उडून गेल्यावर सुरू करा आणि दुपारचा वारा सुटायच्या आत संपवा. वर्षातून एकदा हलकं घासून एक हात.

आणि कृपया साधं कच्चं अळशीचं तेल लावू नका, आपल्या हवेत ते दिवसेंदिवस चिकट राहतं आणि त्याच्यावरच बुरशी धरते. डबल बॉइल्ड घ्या, तेल, व्हार्निश आणि टर्पेंटाइन समसमान मिसळलेलं मला सगळ्यात बरं वाटलंय.

रसायनी
तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका!! अळशीचं तेल सुकताना उष्णता सोडतं, बोळा केलेलं फडकं आपोआप पेट घेतं, हे खरंच होतं. दोरीवर सुटी पसरून वाळवा किंवा पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवा.

काळे डाग दोन प्रकारचे. स्क्रूभोवतीची वर्तुळं धातूची, त्याला ऑक्झॅलिक अ‍ॅसिड. लिटरभर गरम पाण्यात ६० ते १०० ग्रॅम, प्लास्टिकच्या भांड्यात, आधी जुनं पॉलिश पूर्ण काढून. एकाच डागावर नाही, पूर्ण पट्टीला लावा नाहीतर ठिपके दिसतील. मग खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्याने आणि नंतर भरपूर साध्या पाण्याने धुवा. हातमोजे, चष्मा हवाच, विषारी आहे, आणि वाळल्यावर न धुता घासलंत तर ती धूळ नाकात जाते. बुरशीची काळी ठिपकेदार छटा याने पूर्ण जात नाही, त्याला पातळ ब्लीच वेगळ्या दिवशी. दोन्ही एकत्र कधीच नाही, क्लोरीन सुटतो.

नाखवा
कोकणात उंडीचं तेल लावतात होड्यांना, काजूच्या टरफलाचं पण. टरफलाचं तेल लाकडाला चांगलं पण काळं करतं आणि कातडीला भाजतं, तुमच्या गनेलला हात सारखा लागणार, नका लावू.

पावसाळी_ढग
+१. टरफलाच्या तेलाने आजोबांच्या हाताला फोड आलेले बघितलेत.

खाडीकाठ
दिवाळीनंतर धागा वर काढतोय. पावसाळाभर होडी छपराखाली ठोकळ्यांवर होती, कापलेली तोंडं कोरडी खडखडीत आहेत, पीठ पडायचं थांबलं. जुना साग मिळाला, त्यात लोहचुंबकाने खरोखर एक खिळा दाखवला. ३-३ सुताच्या पट्ट्या बाकावर चिकटवून घेतल्या, सांधा ९ इंचाचा केला, त्या सुतारानेच रंधा मारला आणि आता त्यालाही हे काम आवडायला लागलंय. ऑक्झॅलिकने स्क्रूची वर्तुळं जवळजवळ गेली. साग अ‍ॅशपेक्षा गडद दिसतो, टोकाला दोन रंग आहेत, मला ते आवडलंय.

गनेलला तेल, बाकीला व्हार्निश असं ठरवलंय. आता नवीन डेक बसवायचा आहे. तो जुन्यासारखा गच्च बसवू का?

सुतारपक्षी
उत्तम काम. गच्च नको. डेकच्या मागच्या कडेला खालून पाणी आणि हवा जाईल एवढी वाट ठेवा, अगदी टोकालाही बोटाच्या पेराएवढं भोक चालेल, म्हणजे उलटी केली की पाणी निघून जातं आणि आत वारा लागतो. डेकची खालची बाजू आणि आडवी तोंडं बसवायच्या आधीच व्हार्निश करून घ्या, निदान तीन हात, नंतर ब्रश पोचत नाही. स्क्रूची भोकं आधी पाडा, भोकात थोडं व्हार्निश सोडा, स्क्रूला मेण लावून हाताने आवळा. ड्रिलने आवळलात तर साग चिरतो.

टोरांटोकर
आणि आतल्या पट्टीला खाचा आहेत का बघा, ज्यातून होडी उलटी केल्यावर पाणी बाहेर पडतं. असतील तर नव्या तुकड्यातही त्याच अंतरावर काढा, आणि खाचेच्या आतल्या कोपऱ्यांना तेल लावायला जुना दातांचा ब्रश घ्या, फडकं तिथे पोचत नाही.

खाडीकाठ
खाचा आहेत, नव्या तुकड्यात काढायच्या राहिल्यात, डेकच्या आधी त्याच काढतो. व्हार्निशचा तिसरा हात झाला की फोटो टाकतो.